मनकर्णाबाईंची मुलं

सातवीच्या वर्गाला मी संख्या शिकवत होतो. एक, दोन, तीन अशा मोजायला लागतात त्या नैसर्गिक. त्यांत शून्य मिळवलं की पूर्ण संख्या. शून्याच्या खालच्या ऋण संख्याही घेतल्या की सगळे मिळून पूर्णांक. पोरं माना डोलवत होती, म्हणजे कुणाला काही कळत नव्हतं. फक्त कडूबाईनं विचारलं, "गुरुजी, काहीच नसंल तर शून्य कशाला लिवायचं?"

"नसलेलंही लिहावं लागतं. नाहीतर उत्तर चुकतं."

"माजी आई तर असलेलंबी सांगत न्हाई," ती म्हणाली आणि वर्ग हसला.

खरं होतं ते. तिची आई मनकर्णाबाई. दोन लेकरं मातीआड केलेली बाई. मुलं किती विचारलं की एक गाळून सांगायची. पुरी गणती बोलली की नजर लागते, असं आमच्या पाथर्डीकडे मानतात. चव्वेचाळीस साली रेशनची यादी करायचं काम आम्हा मास्तरांच्या गळ्यात पडलं, तेव्हाही ती म्हणाली, "चार." अंगणात पाच होती. कडू माझ्याकडे बघून हसली. बाईमाणसाशी कोण हुज्जत घालणार, म्हणून मी चार लिहिलं. आणि म्हणे मी गणिताचा मास्तर.

पावसाळ्यात गावात पटकी आली. नगरहून टोचणारा आला, तो रेशनच्या यादीबरहुकूम लस मोजून घेऊन. मनकर्णाबाईच्या दारात तिचं टोचून झाल्यावर चार पोरांपुरतीच निघाली. मी त्याच्याशी भांडलो, मग हात जोडले. बाटली रिकामी होती. माझं स्वतःचं सकाळीच टोचून झालं होतं, याची मला अजून लाज वाटते. मनकर्णाबाई एकेका पोराकडे बघत राहिली. शेवटी कडूनंच चारी भावंडं पुढं केली.

"मी थोरली हाय. माजं मागनं बगू."

त्याच दुपारी मी यादीत चाराचे पाच केले आणि नगरला अर्ज धाडला. सहाव्या दिवशी टोचणारा परत आला. त्याला घेऊन मी जवळजवळ पळतच गेलो. अंगणात बाया बसल्या होत्या. कडूला सकाळीच पुरून आले होते.

मनकर्णाबाईनं माझ्या हातातल्या यादीकडे पाहिलं.

"किती लिवलंय आता?"

"पाच."

"चार करा, गुरुजी. तुमचं आदीचंच बरुबर हुतं."