शिंगाचं तिसरं टोक

मी एक जुना गळपट्टा आहे. कुत्र्याचा नव्हे, तसा समज करून घेऊ नका. माझ्या पोटात बॅटरी आहे आणि ठरलेल्या दिवशी आपोआप उघडणारी एक खिट्टी आहे.

अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात, ऐन बर्फात, हरणांचा अभ्यास करणाऱ्या इंगाबाईंनी मला एका नर पाडसाच्या गळ्यात बांधलं. तरुण नर जन्माचं रान सोडून कुठे जातात, ते त्यांना माझ्या संदेशांवरून बघायचं होतं. आम्हा दोघांना कुणी विचारलं नाही.

बर्फ वितळलं. आईला नवं पाडस व्हायची वेळ आली, तसं तिने याला हाकललं. तो परत आला. तिने कान मागे पाडून खुरांनी हाणलं. तो पुन्हा आला, गवत चघळत, जणू सहजच. पुन्हा हाणलं. मित्रांनो, त्याने गिळलेला प्रत्येक आवंढा मला कळत होता.

मग तो निघाला. हमरस्त्यावर धुक्यातून दुधाचा टँकर आला आणि हा मधोमध खांबासारखा उभा! मी ओढलं असतं. पण मी पट्टा होतो, दोरी नव्हतो. ब्रेक किंचाळले. टँकर त्याच्या नाकापुढे थांबला.

नदीपलीकडच्या ओकच्या रानात त्याला कुणी हाणलं नाही. तिथेच राहिला. शिंगं आली, मान फुगली, माझं इलास्टिक ताणलं.

मग शिकारीच्या हंगामाचा पहिला दिवस उजाडला. त्या दिवशी तिथे शाळासुद्धा बंद असतात. एका शिंगाला तीन टोकं असतील तरच गोळी झाडायची, असा नियम. आणि नेम चुकला, तर चुकणाऱ्याच्या सदऱ्याचा खालचा काठ कापून शिकारीच्या झोपडीत भिंतीला ठोकायचा, असा रिवाज. ओंडक्याआड बसलेल्या वेंडलचे सगळे सदरे एव्हाना बेंबीशी संपत होते.

"तीन टोकं!" तो कुजबुजला.

"दोनच आहेत, काका," पुतणी डार्लीन म्हणाली.

"चष्मा कुणाला आहे? मला. मग जास्त कुणाला दिसणार?"

"त्याच्या गळ्यात पट्टा आहे."

"असू दे. तुझ्या काकूच्याही गळ्यात माळ असते."

"म्हणून काय काकूवर बंदूक धराल?"

"गप गं! नेम हलतो."

तिसरं टोक म्हणजे सकाळी खोडावर शिंगं घासताना अडकलेली काटकी होती. मला ठाऊक होतं, पण सांगायला तोंड नव्हतं. हा आपला निवांत ओकची फळं खात होता. वेंडलने श्वास रोखला. बोट चापावर वळलं.

टक्.

बंदूक नव्हे, माझी खिट्टी! त्या आवाजाने हा असा उसळला की गोळी मागच्या झाडात घुसली. पांढरी शेपटी उंच करून तो पळाला. मी पाचोळ्यात पडलो. शेजारी काटकी.

डार्लीनने आम्हा दोघांना उचललं. "हे घ्या काका, तुमचं तिसरं टोक."

वेंडलने चष्मा पुसून काटकी बघितली. मग म्हणाला, "कात्री आणलीस?"

"तुमच्याबरोबर यायचं म्हणजे आणावीच लागते."

डार्लीनने मला परत पोचवलं; आता मी इंगाबाईंच्या पडवीत खिळ्याला टांगलेला असतो. तो कुठे असेल, मला माहीत नाही. मित्रांनो, रस्त्याकडेला एखादा गोंधळलेला तरुण नर दिसला, तर गाडी हळू करा. त्याला घरातून काढलेलं असतं, आणि ते त्याला अजून पटलेलं नसतं. शिंगं मोजायचीच असतील, तर चष्मा पुसून मोजा.

माझी बॅटरी संपली, खिट्टीही गंजली. इलास्टिक मात्र आखडलं नाही. ते अजून त्याच्या मानेएवढंच आहे.