लुचायची भूक

वासरांनी बादलीतलं दूध संपवलं, की माझे सासरे तोकुजी एकेकाच्या तोंडात दोन बोटं द्यायचे आणि ते लुचून थकेपर्यंत उकिडवे बसून राहायचे. सात वासरं, पाऊण तास.

"बाबा, पोटं भरली त्यांची. आता काय अंगाई गाणार?" मी चिडवायचे.

"तू आवर तुझं, काझुए."

मार्चमध्ये ते गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी कुशिरोला गेले. त्याच आठवड्यात त्यांची लाडकी गाय त्सुबाकी विताना गेली. मागे कालवड राहिली. मी तिचं नाव सोबा ठेवलं.

"तेवढी जगव," ते फोनवर म्हणाले.

जगवणारच होते मी. नवरा धारा काढायचा, वासरं माझ्याकडे. कामाने नाकी नऊ आले होते, म्हणून बोटं देणं पहिल्याच दिवशी बंद केलं. दूध प्यायली, झालं. सोबाला चीक पाजला आणि आई नाही तर निदान सोबत तरी असावी म्हणून तिला मोठ्या वासरांत सोडलं.

दूध संपलं की मोठी वासरं तिच्या पोटाखाली तोंड घालून लुचायची. नाळ अजून ओली होती. मला वाटलं, पोरकीचे लाड करताहेत. मी कुंपणाशी उभी राहून बघायचे, माझे डोळे भरून यायचे. आता त्या डोळ्यांची चीड येते.

पाचव्या दिवशी तिला ताप भरला, बेंबी सुजली. नोझाकी डॉक्टरीणबाईंनी दाबून पाहिलं, तर पू आला.

"बाकीची हिला लुचतात?"

"हो. का?"

"बादलीतलं दूध चटकन संपतं, लुचायची ओढ तशीच राहते. मग जे सापडेल ते ओढतात. हिला वेगळं ठेवायला हवं होतं." त्या हळूच बोलल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

इंजेक्शनं झाली, पण विष सांध्यांत उतरलं होतं. त्यानंतर चौथ्या दिवशी तिला मान उचलवेना, बाटली तोंडात धरवेना. मी बोटं दिली. ती लुचू लागली, अगदी हलकं. त्या दुपारी माझ्याकडे वेळच वेळ होता. तीनच्या सुमारास तिची जीभ थांबली.

नवऱ्याला म्हटलं, बाबांना मीच सांगेन. ते कुबड्या टेकत गोठ्यात आले, तशी मी आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. "बाबा, मी मारली तिला. वेळ वाचवायला गेले."

ते फाटकाला टेकून उभे राहिले.

"का बसतो ते मी कधी सांगितलंच नाही तुला," ते म्हणाले.

"मी विचारलं कुठे?"

ते रिकाम्या कोपऱ्याकडे बघत होते. मग त्यांनी विचारलं, "मी तिला पाहिलीच नाही गं. कशी दिसायची?"

"तिच्या आईसारखी," मी म्हटलं.