भरल्या ओटीचं पाणी

“दुसऱ्याला पाणी देशील तर आदी आपण घोटभर पिऊन बघावं, पोरी. मगच भांडं म्होरं करावं.”

श्रावणातल्या त्या सोमवारी चंद्रिका पाहुण्यांसाठी आणलेल्या बाटलीबंद पाण्याची खोकी उतरवून घेत होती, तेव्हा नीलम्मा आत्याचा हा आवाज पुन्हा तिच्या कानाशी आला. आत्याला जाऊन महिना उलटला होता. आवाज मात्र गेला नव्हता. पहाटे गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पाण्याची धार धरावी, तर धारेतून तोच आवाज. चंद्रिकाने पूजा कधी चुकवली नव्हती. पण हल्ली पूजेत तिचे डोळे मिटत नसत.

अक्कलकोट रस्त्याला तो टॉवेलचा कारखाना. मागे रंगाईखातं, त्याचं पाणी सोडलेला ओढा आणि ओढ्याकाठी आत्याचं गाव. चंद्रिका अकरा वर्षं कारखान्याची जनसंपर्क अधिकारी होती.

“म्हंजे नेमकं करतीस काय गं?” आत्याने एकदा विचारलं होतं.

“कंपनीबद्दल लोकांचं मत चांगलं राहील असं बघायचं.”

“असं व्हय! म्हंजे विहिणीची मर्जी राखायचं काम की!” आणि आत्या तोंडाला पदर लावून हसली होती.

माल परदेशी जाऊ लागला तशी गावची विहीर रंग बदलू लागली. सुरुवातीला बायकांनी थट्टेवारी नेलं. “आज पाणी जांभळं हाय गं, कुण्या गोऱ्या सायबिणीला जांभळं टावेल पायजे दिसतंय.” मग अंगाला खाज सुटली, हंड्यांच्या कडांवर रंगाची रेघ बसली आणि तीन वर्षांपूर्वी एका सकाळी पंचवीस-तीस बायका रंगीत पाण्याच्या बाटल्या घेऊन फाटकाशी उभ्या राहिल्या. सर्वांत पुढे नीलम्मा.

“मॅडम, गाव तुमचं आहे. तुम्हीच काहीतरी करा,” व्यवस्थापक आदिनाथ साहेब म्हणाले होते.

आणि चंद्रिकाने केलं. आपल्याकडे एक जुनी समजूत आहे. ज्या घराने ओटी भरली, त्या घराला नावं ठेवू नयेत. भरल्या ओटीला बट्टा लागतो. चंद्रिकाला हे आत्यानेच लहानपणी शिकवलं होतं. तिने कारखान्यात बायकांच्या ओट्या भरण्याचा समारंभ ठेवला, आणि पहिला मान दिला विधवा आत्याला.

वीस वर्षांत नीलम्माच्या ओटीत कुणी तांदळाचा दाणा टाकला नव्हता. लग्नाकार्यात ती चुलीपाशी बसायची, हळदीकुंकवाला मागच्या दाराने निघून जायची. त्या दिवशी खण-नारळ पदरात पडला आणि म्हातारी सगळ्यांदेखत रडली. तो फोटो वर्तमानपत्रात आला. ‘रूढी मोडणारा कारखाना’ असा मथळा होता. चंद्रिकाचा सत्कार झाला. सत्काराचा हार तिने सिद्धेश्वराच्या पायाशी नेऊन वाहिला. तेव्हा तिला खरंच वाटलं होतं की आपल्या हातून पुण्य घडलं.

त्यानंतर नीलम्मा पाण्याबद्दल चकार शब्द बोलली नाही. “नीलम्माक्का गप हाय, मग आमी कुटं तोंड उघडायचं?” म्हणत बाकीच्याही गप्प बसल्या. आत्या तेच पाणी पीत राहिली. भूक मेली, पाय सुजले, मूत्रपिंडं थकली.

“आत्या, तू काही बोलत का नाहीस?” चंद्रिकाने विचारलं, तर ती म्हणाली, “वीस वर्सांनी कुणीतरी मला बाई म्हनून वळखलं, पोरी. त्या घराला मी नावं कशी ठिऊ?”

डॉक्टर म्हणाले, नेमकं एकच कारण सांगता येणार नाही. ते वाक्य चंद्रिकाने घट्ट धरून ठेवलं. असली वाक्यं कुठे आणि कशी वापरायची, हे तर तिचं रोजचंच काम होतं.

जाण्याच्या आदल्या दिवशी आत्याने उशाखालून पिशवी काढली. तिच्यात तोच खण होता, घडीही न मोडलेला, आणि तोच नारळ. आत खोबऱ्याचा गोटा झाला होता. हलवलं की खुळखुळ वाजायचा.

“हे त्येंचं त्येंना परत दे. चार लोकांम्होरं दे. ओटी परत करू न्हाय म्हंतेत, पर मी करते. मग तरी माझं तोंड सुटंल.”

“देईन आत्या.”

“शिवाची आण?”

“आण.”

ती पिशवी महिनाभर कचेरीतल्या टेबलाच्या खणात पडून होती. कागदासाठी खण ओढावा, तर आत नारळ खुळखुळे. चंद्रिकाने त्याच्याभोवती टॉवेल गुंडाळून पाहिला. तरीही वाजायचाच.

आज परदेशी खरेदीदार येणार होते. मालावर ‘निसर्गस्नेही’ अशी हिरवी चिठ्ठी लावायची परवानगी त्यांच्या हातात होती. पुन्हा ओटी भरण्यासाठी मांडवात बारा बायका बसवल्या होत्या. प्रत्येकीपुढे साडी, नारळ, आणि ‘आमची पाण्याबद्दल कोणतीही तक्रार नाही’ असा छापील कागद. बाजूला पाणी शुद्ध करायचं चकचकीत यंत्र फुलांच्या माळा घालून उभं होतं.

पहिल्याच खुर्चीवर शिलाईखात्यातली चांदबी होती. शेजारी तिची सून झीनत, सातवा महिना लागलेली.

“चांदबी, सही करतेस ना?” चंद्रिकाने हळू आवाजात विचारलं.

“मॅडम, हमारे में ओटी नै भरते,” चांदबी डोळे मिचकावत म्हणाली. “मग आमचं तोंड कशानं बंद करनार?”

बायका खुसखुसल्या. चांदबीचं हसू मात्र विरलं. तिने पिशवीतून झाकणाचं स्टीलचं भांडं काढलं. “आज सकाळचं हाय, विहिरीचं. बघा तरी.”

पाणी फिकट हिरवं होतं. पाहुण्यांनी मागवलेल्या टॉवेलांचा समुद्री हिरवा.

“हे पान्याचं मिशन आजच्यापुरतं, ट्रकवाल्यानंच सांगितलं. उद्या उचलून नेनार. माझी सून उद्या काय पिनार? नीलम्माखाला गयी. अब किसकी बारी, मॅडम?”

झीनत खाली मान घालून पोटावरची ओढणी सारखी करत राहिली.

एवढ्यात आदिनाथ साहेब लगबगीने आले. “पाहुणे हॉलमध्ये बसलेत. या गरोदर मुलीला पुढे घ्या. यंत्राचं पाणी पिताना हिचा फोटो काढू, छान येईल. सह्या झाल्या?”

“नाही झाल्या, साहेब.”

“होतील हो! ओटी भरली की बायका आपोआप गप्प होतात. तुम्हीच तर शिकवलंत आम्हाला!” ते मोकळेपणाने हसले आणि निघून गेले.

त्यांच्या हसण्यात खोट नव्हती. म्हणूनच ते चंद्रिकाच्या काळजात रुतलं. रूढी आपण मोडली नव्हतीच. तिचं दावं करून बायकांच्या गळ्यात बांधलं होतं. वीस वर्षं उपाशी ठेवलेल्या बाईला मानाचा एक घास दिला, आणि त्याच्या बदल्यात तिची वाचा काढून घेतली.

ती कचेरीत गेली. खण ओढला. नारळ वाजला. पिशवी घेऊन ती मांडवात परतली आणि चांदबीसमोर पेला धरला.

“ओत.”

“मॅडम, आज सोमवार. तुमचा तो बिनपान्याचा उपास असतो ना?”

“ओत गं.”

अकरा वर्षांत या विहिरीचा एक घोटही तिने कधी घेतला नव्हता. माहितीपत्रकात ‘शुद्ध’ हा शब्द तिनेच लिहिला होता, न चाखता. तिने मनातल्या मनात सिद्धेश्वराला हात जोडले. लोकांसाठी तळं खोदणारा तो पुण्यपुरुष. असला व्रतभंग त्याला समजेल. आणि तिने घोट घेतला. कडू, जीभ आवळणारा. तो घशाखाली उतरायला वेळ लागला. आत्याने हेच पाणी मुकाट्याने तीन वर्षं गिळलं होतं.

“झीनत, तू इथेच बस. यंत्रापाशी जाऊ नकोस,” ती म्हणाली. “चांदबी, भांडं घे. हॉलच्या दारापर्यंत तरी येशील माझ्याबरोबर?”

“दारापर्यंत कायको? आत येते की.”

मागे खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला. कोण कोण उठलं, ते चंद्रिकाने वळून पाहिलं नाही. उरलेला हिरवा पेला एका हातात सांभाळत, दुसऱ्या हाताने पिशवी छातीशी धरून ती हॉलकडे चालू लागली. पावलागणिक नारळ वाजत होता. या वेळी तिने त्याला दाबून धरलं नाही.