देस्पिनाचा पहिला ट्रक

मी खुर्ची बोलतेय. साधी, लाकडी, चौथा पाय बोटभर आखूड असलेली. लगेच 'अरेरे' म्हणू नका. मी हत्ती होऊन आलेय. विमान, तुरुंग, न्हाव्याचं दुकान, राणीचं सिंहासन, सगळं होऊन आलेय. एका संध्याकाळी तर मी आधी नवरी होते आणि अर्ध्या तासाने तिचीच शवपेटी. तुमच्या घरातल्या सोफ्याला विचारा, त्याने जन्मात काय केलं ते. लोकांचे ढेकर ऐकले असतील, दुसरं काय!

सुरुवात मात्र माझी वाईट झाली. मेलबर्नच्या उत्तरेला, कोबर्गमधल्या एका शाळेत मुख्याध्यापकांच्या खोलीत मला ठेवलं होतं, शिक्षा झालेल्यांना बसवायला. 'हलू नकोस. बोलू नकोस. तू आयुष्यात कुठे पोचणार नाहीस.' हे मी वीस वर्षं ऐकलं. सांगणारा माणूस वीस वर्षं त्याच खोलीत, त्याच तपकिरी कोटात. मोठ्या माणसांची हीच गंमत: स्वतः जागचे हलत नाहीत आणि दुसऱ्याला पोचण्याबद्दल ऐकवतात.

पुढे माझा पाय झिजला, मी डुगडुगायला लागले. डुगडुगणारं त्याला काहीच चालत नसे. नको असलेलं सामान रस्त्यावर काढून ठेवायचा नगरपालिकेचा आठवडा आला आणि मी फुटपाथवर, एका मेलेल्या फ्रिजशेजारी. शाळेने हाकललं. बरं झालं हाकललं.

कारण दुसऱ्याच दिवशी तिथून देस्पिना जात होती. कुरळ्या केसांचं टोपलं डोक्यावर, पायात दोन वेगळे मोजे. सोबत तिचा नाटकातला जोडीदार सेफो, सामोआ बेटांवरचा कपाटाएवढा गडी.

"सेफो, ही बघ! डुगडुगते!"

"मग कशाला उचलायची?"

"अरे, डुगडुगते म्हणूनच! बस एकदा. आता वाटतं की नाही, गाडी खड्ड्यातून चाललीय?"

सेफो बसला. मी करकरले. त्याचा चेहरा उजळला. "ए बाई, हिचं तर इंजिनपण चालू आहे!"

अशी मी रंगमंचावर आले. रंगमंच म्हणजे एका पबचा वरचा मजला. तिथे नाटक लिहिलेलं नसायचं. प्रेक्षकांनी ओरडून एक शब्द द्यायचा आणि यांनी तिथल्या तिथे खेळ रचायचा. सामान म्हणून फक्त दोन खुर्च्या. बाकी सगळं हवेत: हवेतला कप, हवेतलं दार, हवेतलं रडकं बाळ. नियम एकच. समोरच्याला 'नाही' म्हणायचं नाही. तो म्हणाला, 'आपण चंद्रावर आहोत', की आपण म्हणायचं, 'हो, आणि तुझ्या सासूबाईपण आल्यात!'

हा नियम शिकवणारा नेव्हिल हा त्या मंडळींचा गुरू, मालक आणि डोकेदुखी. तीस वर्षांपूर्वी तो लोण्याच्या जाहिरातीत चार सेकंद दिसला होता, ते अजून चघळत होता. "'हो, आणि' हे जगण्याचं तत्त्वज्ञान आहे," असं तो शिकवायचा. शिकवणी संपल्यावर कुणी म्हणालं, "नेव्हिल, थंडी आहे, हीटर लावू या?" की, "नाही." "नेव्हिल, मंगळवारचा खेळ मी बसवू?" "नाही." तत्त्वज्ञान चेल्यांसाठी, हीटर गुरूंच्या खोलीत!

तिथली एक रीत मात्र मला फार आवडायची. खेळाआधी पडद्यामागे सगळे एकमेकांच्या पाठीवर थाप मारायचे. "तुझ्या पाठीशी आहे." देस्पिना शेवटची थाप माझ्या पाठीवर मारायची. बाकीचे हसायचे. हसू देत. पाठीशी राहणं हेच तर माझं काम.

दहा वर्षं ती माझ्यावर बसून गाड्या हाकत होती. स्टिअरिंग हवेत, पण खड्डे खरे. ते मी द्यायचे. उजवीकडे वळताना ती आमच्या शहराच्या रिवाजाप्रमाणे आधी अगदी डाव्या कडेला जायची, ट्रामला वाट द्यायची, मग वळायची, आणि अख्खा हॉल तिच्याबरोबर कलायचा.

खऱ्या गाडीशी तिचं जमत नव्हतं. आणि तिचे बाबा टॅक्सीवाले! लेफ्तेरी त्यांचं नाव, तीस वर्षं मेलबर्नचे रस्ते पालथे घातलेले. त्यांनी तिला शिकवायला घेतलं ते पाऊण तास. "ब्रेक दाबतेस की झुरळ चिरडतेस?" असं विचारलं, आणि त्यानंतर देस्पिना कधी स्टिअरिंगमागे बसली नाही. तिने काहीही करू म्हटलं की बाबांचं उत्तर ठरलेलं. नाटकात जाऊ? नाही. वेगळी राहू? नाही. ती दोन्ही करून बसली ती गोष्ट वेगळी.

मग एका शनिवारी टीव्हीवाली बाई आली. ती दिग्दर्शिका होती. खेळ संपल्यावर थेट रंगमंचावर चढली.

"मी मालिका करतेय. गावाकडच्या एका बाईची, बंद पडलेल्या गाड्या टो करून नेते ती. तूच हवीस मला. तुला ट्रक चालवता येतो ना?"

दहा वर्षांची सवय. जिभेला हाड नसतं, आणि देस्पिनाच्या जिभेला तर ब्रेकही नव्हता.

"हो, आणि उलटापण घेता येतो!"

"चढावर?"

"हो, आणि गाणं म्हणत!"

सेफोला बिअरचा ठसका लागला. बाई खूश होऊन गेली. देस्पिना माझ्यावर मटकन बसली. एकतीस वर्षांची झाली होती. दिवसा कॉल सेंटरमध्ये लोकांच्या शिव्या ऐकायची, संध्याकाळी गारठलेल्या हॉलमध्ये चाळीस लोकांना हसवायची. असं बोलावणं पुन्हा येणार नव्हतं.

"सेफो, मी काय बोलले रे?"

"बोललीस ना? मग आता चालव."

आणि मला घरी नेऊन तीन आठवडे ती स्वयंपाकघरात माझ्यावर ट्रक शिकली. सेफो शेजारी पुस्तक वाचून सांगायचा. "क्लच. आता क्लच सोड. अगं, हळू, पर्थला पोचशील!"

चित्रीकरण बेंडिगोच्या वाटेवर एका माळावर होतं. तिथे जायचं कसं? बाबांच्या टॅक्सीतून. शकुन म्हणून मला डिकीत घातलं. मी मावेना, म्हणून डिकी उघडीच.

"भूमिका कसली?" बाबांनी विचारलं.

"बसून करायची आहे."

"बसून? चांगलं आहे. पडणार नाहीस."

माळावर नारिंगी ट्रक उभा होता, घराएवढा. देस्पिना ऐटीत गेली आणि हँडलपासून वीतभर लांब, हवेत हात फिरवून दार उघडलं. दार कशाला उघडतंय?

"मॅडम," एक पोरगी हळूच म्हणाली, "हँडल खरं आहे."

आत बसून तिने हवेत गिअर टाकला. ट्रकला तो दिसला नाही. मग तिने खरा टाकला, कुठला ते देवालाच ठाऊक. ट्रकने एक गचका खाल्ला, दुसरा खाल्ला आणि निघाला, रस्त्याकडे नव्हे, चहाच्या तंबूकडे. माणसं पांगली. सॉसेज रोल बदकांसारखे उडाले. तंबू ट्रकवर बुरख्यासारखा बसला आणि आतून देस्पिनाचा आवाज आला, "मी ठीक आहे! आणि चहापण मिळाला!"

कुणाला काही लागलं नाही. पण ट्रक चिखलात रुतला, आणि त्या टो ट्रकला ओढायला दुसरा टो ट्रक बोलवावा लागला.

दिग्दर्शिका समोर उभी. केसात सॉसेजचा तुकडा. "एका शब्दात सांग. तुला चालवता येतं?"

देस्पिनाचे ओठ 'हो'साठी गोल झाले. मी पाहिलं. मग ते मिटले.

"नाही."

दहा वर्षांत तिच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

"मग घरी जा," बाई म्हणाली.

तेवढ्यात घोटाभर चिखलात घसरत बाबा आले. मला वाटलं, आता झुरळाची गोष्ट निघणार. जन्मभर 'नाही'चं दुकान चालवलेला माणूस तो. पण देस्पिनाला असं मान खाली घालून उभं राहिलेलं त्यांनीही कधी पाहिलं नसावं. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि बाईंना म्हणाले,

"हो, तिला येत नाही. आणि मला येतं!"

नियम त्यांना कुणी शिकवला नव्हता.

"तुम्ही?" बाई म्हणाली. "तुम्हाला मिशा आहेत."

"लांबून कोण बघतंय? हिच्यासारखा टोप द्या. उंची आमची एकच."

"आणि जवळून? जवळून चेहरा हिचाच लागेल. गाडी हाकतानाचा."

देस्पिनाने मान वर केली. डिकीकडे धावली, मला ओढून आणलं, माळाच्या मधोमध टेकवलं, पाठीवर थाप मारली आणि बसली. किल्ली फिरवली. मी सुरू झाले, अगदी कडाक्याच्या थंडीतल्या इंजिनासारखी, आधी कुरकुर, मग थरथर. बाबा सॉसेजच्या खोक्यावर शेजारी बसले. त्यांना नाटक येत नव्हतं, ते खरंच ओरडायला लागले.

"आरसा बघ! आरसा!"

"बघतेय, बाबा!"

"पुढे मेंढी आहे!"

तिने करकचून ब्रेक दाबला. मी मागच्या दोन पायांवर उठले. विजेची माणसं, रंगभूषेची माणसं, हातात झारी घेतलेला चहावाला, सगळे पुढे झुकले. मेंढी गेली. सगळ्यांनी श्वास सोडला.

"कॅमेरा आणा," बाई म्हणाली. केसातला तुकडा काढून तिने खाऊन टाकला.

ती मालिका तीन वर्षं चालली. लांबून दिसणारी ती धीट बाई म्हणजे कुरळा टोप घातलेले लेफ्तेरीबाबा, हे कुणाला कळलं नाही. नेव्हिलने आधी जाहीर केलं की टीव्ही म्हणजे कलेचा खून. दुसऱ्या वर्षी तो बंद पडलेल्या गाडीचा मालक म्हणून आला आणि दिवसभरात अकरा वेळा म्हणाला, "नाही, असं नको."

माझं मात्र टीव्हीत जमलं नाही. तिथे कप खरा, दार खरं आणि खुर्ची म्हणजे खुर्ची. माझ्यावर चिठ्ठी डकवली: 'खुर्ची, लाकडी, एक. बसू नये.' हत्ती होऊन आलेल्या बाईला हे! वर एका शहाण्या सुताराने माझ्या आखूड पायाला तुकडा चिकटवला. मी डुगडुगेना. मला गोदामात ठेवलं. तिथे मी दोन वर्षं नीट उभी होते. त्याहून वाईट काही नसतं.

मालिका संपली आणि देस्पिना गोदामात आली. मला हलवून बघितलं. हलले नाही. तिने खाली वाकून तो तुकडा पाहिला आणि त्या सुताराच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. खिशातल्या चावीने तो टोकरून काढला. मी डुगडुगले. "आलीस!" ती म्हणाली.

चावी गाडीची होती. तिच्या स्वतःच्या! परवाना चौथ्या खेपेला मिळाला होता. तिने मला पुढच्या सीटवर ठेवून पट्टा बांधला. दहा वर्षं मी गाडी होते, आज पहिल्यांदा प्रवासी. मागे बाबा.

"आरसा!"

"बघतेय, बाबा!"

सिडनी रोडला, पबच्या गल्लीशी, ती अगदी डाव्या कडेला गेली, ट्रामला वाट दिली आणि उजवीकडे वळली. बाबा गप्प. तिने गाडी लावली आणि कचऱ्याचा डबा आडवा केला. बाबा पुन्हा सुरू.

आता दर मंगळवारी देस्पिना आणि सेफो इथे खेळ करतात, फुकट. टीव्हीतलं तिला पुढे काय मिळतंय ते मिळो. तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. घरातली एखादी डुगडुगणारी खुर्ची फेकायच्या आधी एकदा तिच्यावर बसा आणि विचारा, बाई, तू आज कोण? आणि पायाखाली तुकडा घालायला जाल तर खबरदार.

बरं, निघते. पडदा सरकतोय. थाप पडलीय पाठीवर. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलंय, "जिराफ!"

हो, आणि गरोदर!