तुमिनीची जीभ

तुमिनीने बत्त्याने बी फोडली, आतला काळा गर नखभर काढून जिभेवर ठेवला, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाली, "चांगली आहे."

"बघा, डोळे मिटून सांगते बाई!" शेजारची कारसिनी लसूण सोलत होती. "आमच्या मेल्या जिभेला मीठसुद्धा धड कळत नाही."

"तुझी जीभ बोलून बोलून झिजलीय," तुमिनी म्हणाली. अंगणातल्या बायका खिदळल्या.

तुमिनीही हसली. पण खरं सांगायचं तर तो गर माती होता की गूळ, तिला काहीच कळलं नव्हतं. दोन वर्षांपूर्वीच्या तापाने जाता जाता तिची चव नेली, आणि हे तिने एका माणसालाही सांगितलं नव्हतं. सांगणार कोणत्या तोंडाने? क्लुवेकचं फळ मुळात विषारी. बिया उकडून चाळीस दिवस राखेत पुरल्या की विष उतरतं. तरी एखादी कडू राहतेच, आणि ती एक बी अख्खं पातेलं नासवते. म्हणून लग्न असो की मयताचं जेवण, या बियांच्या गराचा काळा रस्सा, रावोन, करायचा म्हटलं की गाव तुमिनीला बोलवायचं. चाळीस वर्षं ती एकेक बी चाखत आली होती. एरवी तिला विचारत होतं कोण?

दोन वर्षं तिने नजरेवर निभावून नेलं. काळीभोर, मऊ ती चांगली; फिकट, सुकलेली ती वाईट. पण यंदा राखेच्या खड्ड्यात पाणी शिरलं होतं, आणि आता सगळ्याच बिया सारख्या काळ्या दिसत होत्या. त्यात आज तिचा नवरा पाइमान गेल्याचा हजारावा दिवस. त्याच्या नावाने घालायचं हे शेवटचं जेवण. नदीकाठचं क्लुवेकचं झाडही त्यानेच लावलेलं. त्याच्या नावाने कडू रस्सा वाढला गेला तर? तरी ती "चांगली आहे, चांगली आहे" म्हणतच राहिली.

सून सुपार्तीने तोवर निघालेला गर मसाल्याबरोबर वाटला, बोटावर घेऊन चाटला आणि एकदम थबकली. तिने सासूकडे पाहिलं. दोघींचं कधी पटलं नव्हतं. सुपार्ती शहरातली, फटकळ. आता ही चारचौघींत आपली अब्रू काढणार, तुमिनीने ओळखलं.

"अगं बाई, मी मीठ दोनदा टाकलं की!" सुपार्ती मोठ्याने म्हणाली. "फेकायलाच हवं हे."

"शाब्बास!" कारसिनीने नाक मुरडलं. "सासऱ्याच्या जेवणाला तरी हात सांभाळायचास. चूल आजच बघितलीस का?"

एरवी शब्दाला शब्द देणारी सुपार्ती खाली मान घालून ऐकत राहिली. तुमिनी गप्प बसली असती तर सगळं निभावलं असतं. पण तिला ते बघवेना. तिने बत्ता खाली ठेवला.

"मीठ नाही ते. कडू झालंय," ती म्हणाली. "तिला बोलू नकोस, कारसिनी. माझी चव गेलीय. दोन वर्षं झाली. तुम्हा सगळ्यांना फसवत होते मी."

लसूण सोलणारे हात थांबले. कोणी दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तुमिनीला वाटलं.

"सरका जरा, आई," सुपार्ती तिच्याशेजारी येऊन बसली. "तुम्ही फोडा, मी चाखते. कडू कशी ओळखायची?"

"कळतं. तोंड आपोआप वाकडं होतं."

उरलेल्या बिया तुमिनी फोडत गेली आणि सुनेच्या तोंडाकडे बघत गेली. सुपार्ती दर तिसऱ्या बीला थुंकत होती.

दुपार कलली, पुरुषांची प्रार्थना झाली, वाडगे भरले. जाताना कारसिनी दारात थांबली. "पुढच्या महिन्यात आमच्या मुलीचं लग्न आहे. बिया चाखायला येशील ना गं?" तिने सुपार्तीला विचारलं.

सुपार्तीने सासूकडे पाहिलं.

"येईल ती," तुमिनीच म्हणाली.

सगळे गेल्यावर सुपार्तीने तिच्यापुढे वाडगा ठेवला.

"कसा झालाय?" तुमिनीने विचारलं.

"छान झालाय, आई."

"त्यांना आवडायचा तसा?"

"अगदी तस्सा."

तुमिनीने सुनेचा चेहरा निरखून पाहिला. ही खरं सांगतेय की म्हातारीचं मन राखतेय, हे कळायला आता काही मार्ग नव्हता. तिने वाडगा तोंडाला लावला आणि रस्सा गरम होता तोवर पिऊन टाकला.