मांजरांच्या खोलीतलं ब्लीच

माझी बहीण डार्लीन आता आठ पायऱ्या चढली की खाली बसते. डॉफिन गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात ती पिंजरे धुवायची. बोक्याने मुतून ठेवलेल्या फरशीवर तिने थेट ब्लीच ओतलं, विषारी वाफ उठली आणि फुफ्फुसं भाजली. थेट ओतायला सांगितलं होतं मॅनेजर गार्थ पेनरने. अहवालात मात्र त्याने लिहिलं, 'सूचना डावलून स्वतःच्या मनाने केलं.' नोकरी गेलीच, वर गावभर बावळट म्हणून नाव झालं.

तिची जागा मी मागून घेतली. गार्थला वाटलं, गरजू आहे बिचारी. मला त्याचं नाक कापायचं होतं.

मार्चमध्ये कामगार-सुरक्षेचा तपासनीस यायचा त्याच सकाळी एका नव्या बोक्याने मांजरांच्या खोलीचा कोपरान् कोपरा भिजवून ठेवला. डोळ्यांतून पाणी यावं असा वास.

"ब्लीच ओत आणि मोकळी हो," गार्थ म्हणाला.

"आधी साबणाने मूत धुवायचं, भरपूर पाणी मारायचं, मग ब्लीच. तेही पातळ करून."

"मला शिकवतेस? बहिणीसारखीच हळूबाई आहेस. दहाला तो माणूस दारात उभा राहील. आण तो कॅन इकडे."

एकदा सांगून झालं होतं. दुसऱ्यांदा सांगायचं अगदी जिवावर आलं. मी कॅन त्याच्या हातात दिला आणि खोलीतली तिन्ही मांजरं पिंजऱ्यांसकट बाहेर नेली.

"हं, आता कशी कामाला लागलीस," तो म्हणाला.

दार मी उघडं ठेवलं. तेवढी दया पुरे होती.

आतून कॅन रिकामा होत असल्याचा आवाज आला, मग खोकला. भिंत धरत तो बाहेर आला. मी त्याला ओढत मागच्या अंगणात मोकळ्या हवेवर नेऊन बसवलं आणि ॲम्ब्युलन्स बोलावली. खरं सांगते, तो खोकला ऐकून मला बरं वाटलं.

मालकीणबाई डॉ. फ्रीसन धावत आल्या. मागोमाग तपासनीस, हातात वही.

"गार्थ, मुतावर थेट ब्लीच? कोणी सांगितलं तुला?" बाईंनी विचारलं.

धाप लागलेल्या माणसाला खोटं रचायला सवड नसते.

"नेहमी... असंच करतो आम्ही. सगळ्यांना मी... असंच सांगतो."

"डार्लीनलाही?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे पाहिलं. मग होकाराची मान हलवली.

तपासनीस लिहू लागला.

"डार्लीनचं आडनाव हनात्युक," मी म्हणाले. "नीट लिहा."