पाटावरचा बोर्ड

सोयाबीन घरी यायच्या आत तो बोर्ड चालू झाला नाही तर मागची खोली पोत्यांना जाणार, असं सासूबाईंनी जाहीर केलं होतं. आमच्या घरात मथुराबाईंचा शब्द म्हणजे शब्द. मी त्यांना आत्या म्हणते आणि सहसा वाद घालत नाही. या खोलीसाठी मात्र घातला, रुसले, एका वेळेला जेवलेही नाही. मग भूक लागली.

त्या खोलीत माझा पसारा असतो. मी बेंबळीहून एसटीनं धाराशिवला ऑफिसात जाते आणि उरलेल्या वेळात जुन्यापुराण्या कम्प्युटरचे बोर्ड दुरुस्त करते. हा बोर्ड भंगारवाल्याकडचा, वयानं माझ्याहून मोठा. त्यावरची बॅटरी पाझरून तांब्याच्या बारीक रेघा खाल्ल्या गेलेल्या. भिंगाखाली एकेक रेघ केसाएवढ्या तारेनं जोडत आणली आणि खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्यानं चक्क ‘टुक’ केलं! स्क्रीन काळीच, पण टुक केलं. मी खोलीभर नाचले.

"चालू झाला?" नवऱ्यानं, नंदीशनं, दारातून विचारलं.

"न्हाय, पन जित्ता हाय!"

नवमीला सकाळी अंघोळ करून आले तर टेबल रिकामं. धावत अंगणात गेले. पाटावर कोयता, खुरपी, विळे, फवारणीचा पंप मांडलेला आणि मधोमध माझा बोर्ड. प्रोसेसरवर हळदीकुंकवाची बोटं, मेमरीच्या खाचांत अक्षता, वर झेंडूचं फूल. आत्यांनी नुकताच नारळ फोडला होता आणि त्याचं पाणी सगळ्यावरून ओघळत होतं.

मी अशी किंचाळले की शेजारचं कुत्रं भुंकायला लागलं.

"आत्या, अवो, ह्याला पानी चालत न्हाय!"

"सणाचं वरडू नगं. घरी आली की त्याच्यावरच राबतीस. तुझं हत्यार न्हाय व्हय ते?"

मी झेपावले, तर त्यांनी हात धरला. "पूजेतल्या हत्याराला दसऱ्यापतुर हात लावायचा न्हाय."

झालं. मी पाटासमोर फतकल मारून बसले आणि प्रोसेसरच्या पायांत हळद मुरताना बघत राहिले. रडू यायला हवं होतं, आलं हसू. ते काही केल्या थांबेना.

एवढ्यात शेतातून ट्रॉली आली. नंदीशनं पहिलं पोतं खांद्यावर घेतलं. "आई, मागच्या खोलीत टाकू न्हवं? बोर्ड तर बुडालाच."

"त्या खोलीत पाऊल टाकू नगं. पूजा झालेल्या हत्याराला जागा लागती. तिचं पोट हाय त्याच्यावर."

इथं मी गप्प बसायला हवं होतं. खोली आयती हातात आली होती. पण आत्या इतक्या मायेनं बोलल्या की मला राहवेना.

"आत्या, ह्याच्यावर पोट न्हाय. हे हापिसाचं काम न्हाय. नुसती हौस हाय माझी. चालू झालं की लई बरं वाटतं, एवढंच."

नंदीशनं पोतं खाली ठेवलं. आत्या बोर्डाकडे बघत राहिल्या.

"एवढंच?"

"एवढंच."

"आधी सांगायचं की गं. म्या आपली हापिसाचं समजून पूजलं." त्यांनी बोर्डावरचं घसरलेलं फूल नीट केलं. "आता वाहिलेली हळद माघारी घेत्यात व्हय? ऱ्हाऊ दे तुझी हौस." मग लेकाकडे वळल्या. "पोती सोफ्यावर टाक."

"आई, आज मॅच हाय!"

"हुबं राहून बघ."

मी आत्यांना कमरेला धरून उचललंच. "सोड गं, पाडशील मला!" म्हणत त्या माझ्याहून जोरात हसत होत्या. उद्या बोर्ड साबणाच्या पाण्यानं धुवायचा, कडक उन्हात वाळवायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. केवढा आनंद झाला म्हणून सांगू!